कोरड्या उन्हाळ्यातली हिरवळ

तिकीटघरात घडीचा नकाशा मिळतो.
त्यात गुलाबबाग आहे, तळं आहे, संत्र्यांचं काचघर आहे,
चहा मिळतो तिथे कपाचं चित्र आहे.
गाव नाही.

मी इथला धाकटा माळी. पाण्याचं खातं माझ्याकडे.
पंपघराची किल्ली माझ्या खिशात.

दर गुरुवारी हेस्टर ब्रॅथवेट बाग दाखवते,
वय एकोणऐंशी, गुडघा नवा,
छत्री फक्त बोट दाखवण्यापुरती.
हिरवळीच्या टोकाशी ती सगळ्यांना थांबवते :
पुढे पाऊल टाकू नका.
पुढे जमीन एकदम खाली जाते, पुरुषभर,
आणि खाली लपलेली असते एक दगडी भिंत.
वाड्याच्या खिडकीतून ती दिसत नाही.
वाटतं, गाई थेट जेवणघरापर्यंत चरत येतील.
येत नाहीत.
याला म्हणतात हा-हा, हेस्टर सांगते,
आणि पोरं हसतात, दर गुरुवारी,
आणि ती हसणं संपेपर्यंत थांबते.

यंदा सात आठवडे पावसाचा थेंब नाही.
स्केलविक हॉलची हिरवळ चहात बुडवायच्या बिस्किटासारखी झाली,
आणि दक्षिणेच्या उतारावर रेघा उमटल्या.
खाली दगड असेल तिथलं गवत आधी मरतं.
एक चौकोन. त्याला लागून दुसरा.
मधून बोळ, बैलगाडीच्या रुंदीचा.
एक गोल : विहीर म्हणा, भट्टी म्हणा.

तिसऱ्या सरदारसाहेबांच्या डोळ्यांत गाव खुपत होतं.
न्याहारीच्या वेळी तेवीस धुराडी दिसायची.
भरल्या पंगतीतून उठवावं
तसं गाव उठवलं आणि टेकडीमागे बसवलं.
चर्चला मात्र हात लावला नाही,
देखाव्यात मनोरा शोभतो म्हणून.

हेस्टर आज नेहमीची वाट सोडून उतारावर गेली.
छत्रीने घरं मोजत :
नऊ, दहा,
अकरा.
हे रॅल्फ ब्रॅथवेटचं, म्हणाली, चाकं करायचा.
एवढंच. नातं सांगितलं नाही.
एका रेघेत हातभर फट होती.
तिथे तिने बूट पुसले,
दोन्ही, नीट, आधी डावा,
आणि आत गेली.

लोक बाहेरच. कोणाला कळेना
गवतावरच्या घरात जायला परवानगी लागते का.
कोणी फोटो काढला नाही. एकाने टोपी काढली,
मग ऊन लागलं म्हणून परत घातली.
तिने थर्मॉस उघडला, नवा गुडघा सांभाळत बसली.

माझ्या खिशात मुकादमाची चिठ्ठी :
शनिवारी लग्न, मांडव दक्षिण उतारावर,
चार वाजता फवारे सोड, रात्रभर चालू दे,
सगळं हिरवं हवं.
चारला दहा कमी होते.
मग चार झाले.
किल्ली हातात गरम झाली होती.

तेवढ्यात एक पोरगं, सहाएक वर्षांचं,
आइसक्रीमने हात बरबटलेलं,
सरळ चालत घरात घुसलं.
अरे, भिंतीतून काय येतोस, हेस्टर ओरडली,
दार आहे ना!

पोराने पायाखाली पाहिलं.
मागे फिरलं. कोपऱ्याला वळसा घालून
फटीपाशी आलं, उभं राहिलं,
आणि हवेत, तिच्या कमरेएवढ्या उंचीवर,
दोनदा टकटक केलं.

ये, ती म्हणाली.

मी पंपघरापर्यंत चालत गेलो.
लांबच्या वाटेने.