मंगळवारी अर्धं तिकीट

डुलुथला मंगळवारी तिकीट अर्ध्या दरात,
म्हणून आमचं सिनेमाचं वेड मंगळवारपुरतंच.
बाहेर उणे एकोणीस. सरोवरावरचा वारा
गणिताच्या मास्तरांसारखा कान पिळतो.
आत डोरीन. वय सत्तर, केस जांभळे.
लाह्यांवर लोणी ओतता ओतता विचारते,
"आज रडायचंय की घाबरायचंय?"
हेरंब म्हणतो, "जिथला हीटर चांगला, तो द्या."

भुताचा पाहिला मागच्या महिन्यात.
घर केवढं! तळघर, माळा, खोल्याच खोल्या,
आणि माणसं तीन.
भुताचं काही नाही वाटलं,
गॅसचं बिल किती येत असेल, याचाच घोर.
आणि ती बाई, खाली खुट्ट झालं की
अंधारात अनवाणी उतरते.
अगं, दिव्याचं बटण तुझ्या हाताशी आहे!
पण एक मानलं.
भूत जिन्यावर पाठमोरं बसून नुसतं केस विंचरत होतं,
तेवढा वेळ माझ्या तोंडातली लाही
तोंडातच राहिली.

प्रेमाचा. तो विमानतळावर धावत सुटतो.
ना रांग, ना बूट काढणं, ना कमरेचा पट्टा,
थेट तिच्यासमोर, भाषण तोंडपाठ.
मिनियापोलिसला आम्हाला
भाकरवडीच्या एका पुड्यापायी
पाऊण तास बाजूला उभं केलं होतं.
प्रेम करावं तर सिनेमातल्या विमानतळावर.

खुनाचा. माळ्याने केला.
दुसऱ्याच प्रसंगात ओळखलं मी;
इतका महागडा नट
उगाच गुलाब छाटायला कोण ठेवेल?

अंतराळाचा तीन तास.
त्यातले दोन तास एक माणूस खिडकीबाहेर बघतो.
हेरंबचं मत: अप्रतिम.
हेरंब यान सुटायच्या आधीच घोरत होता.

विनोदी होता त्यात आपल्याकडचा एक डॉक्टर,
मान हलवत बोलणारा.
सगळे हसले. मीही हसले,
आणि मग बराच वेळ
लाह्यांच्या डब्यात काहीतरी शोधत राहिले.

युद्धाचा अर्धाच पाहिला.
पहिल्या गोळीला पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले
आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर गेले.
आम्हीही गेलो, का ते माहीत नाही.
डोरीनने त्यांना गरम कोको दिला, पैसे घेतले नाहीत.
टोपी मांडीवर ठेवून ते कपात फुंकर घालत होते.
त्या सिनेमाबद्दल मला मत नाही.

घर आमचं पुलापलीकडे.
जहाज आलं की पूल वर जातो,
गाड्या थांबतात, आणि हेरंब विचारतो,
"शेवटी काय झालं गं?"
मी सांगते. खरं कशाला सांगू?
भूत तळघरात भाडं भरून राहिलं.
ती विमानात बसून निघून गेली, बरं झालं.
अंतराळवीर परत आला तर बायकोने कुलूप बदललेलं.
तो काच पुसत म्हणतो,
"मला वाटलंच होतं."

काल फिनलंडचा होता. खाली अक्षरं.
एक म्हातारी बटाटे सोलते. बाहेर बर्फ.
पुन्हा बटाटे.
जाग आली तेव्हा दिवे लागलेले,
माझा गाल हेरंबच्या कोटावर,
आणि डोरीन झाडू घेऊन दारात उभी.

पुलापाशी लाल दिवा.
हंगामातलं शेवटचं जहाज, लोखंडाने भरलेलं,
आमच्या बोनेटसमोरून हळूहळू चाललेलं.
मी विचारलं, "शेवटी काय झालं रे?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाला, म्हातारीने घर विकलं,
सायकल घेतली,
समुद्राकाठच्या गावात बटाटेवड्यांची गाडी टाकली.
"फिनलंडमध्ये?"
"मग! चटणीसकट."

पूल खाली येत होता.
मागच्याने हॉर्न दिला.
"मला वाटलंच होतं," मी म्हटलं.