माइक टेस्टिंग

सकाळची सभा त्यांची, ज्यांचं सरकार आहे.
संध्याकाळची त्यांची, ज्यांचं नाही.
भोंगे दोन्हीकडं माझेच.
दुसरा साउंडवाला होता एक, देवाजी निखाडे,
त्यानं मागच्या पोळ्याला ॲम्प्लिफायर विकून पुण्याची गाडी धरली.
आता तो कुठल्याशा फाटकावर
येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना शिट्टी मारतो.

हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.
वीस वर्षं भरचौकात मी एवढंच बोलत आलोय.
तीनच्या पुढं मोजायची पाळी आली नाही,
पुढचे आकडे पाहुण्यांचे.

सकाळचे पाहुणे म्हणाले, अर्थव्यवस्था धावतेय.
धाप लागली म्हणता ना,
मग धावतेय म्हणूनच लागली.
टाळ्या पडल्या. माझा मोठा पोरगा उभा राहून वाजवत होता.

दुपारी झेंडे बदलले, फलक बदलला,
सतरंजी तीच.
सकाळच्या पोह्यांची तर्री जिथं सांडली होती
तिथंच संध्याकाळचे लोक मांडी घालून बसले.

संध्याकाळचे पाहुणे म्हणाले, बुडवली.
आम्ही असतो तर!
'असतो तर'ला एको बरा लागतो,
मी बटण थोडं फिरवलं.
माझ्या साळ्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

दामोधर शेट दोन्ही सभांना होते.
सकाळी खुर्ची उजवीकडं, संध्याकाळी डावीकडं.
त्यांच्या राईस मिलचा भोंगा होळीपासून मुका आहे.
आधी आठला वाजायचा,
पदर खोचत बाया पळायच्या,
शेवटची बाई आत जाईस्तोवर वाजत राहायचा.
आता भोंगा म्हटलं
की गाव माझ्याकडं पाहतं.

आभार झाले. मी वायर गुंडाळायला घेतली,
तर गिरजाबाई कोहपरे पायऱ्या चढून वर.
कोंडा चाळून चाळून तिच्या भुवया अजून पांढऱ्या वाटतात.
"चालू हाये का रे बाप्पा हे?"
हाव, म्हणालो. चालूच होता.

तिनं भाषण केलं नाही.
तोंडाजवळ माइक धरला, बाळाला पाणी पाजावं तसा,
आणि म्हणाली,
"गिरजा कोहपरे, एकवीस दिवस.
शेवंता मडावी, एकोणीस दिवस.
कौतिका बोंद्रे, पंचवीस, आन् एक रात्रपाळी."

घराकडं निघालेली माणसं थांबली.
एका कार्यकर्त्यानं ओरडून सांगितलं, बाई, हा प्रश्न वरचा आहे.
दुसरा म्हणाला, खालचा आहे.
तिथंच त्यांची जुंपली.
शेट कोणाशी बोलले नाहीत,
माझ्याकडं पाहून त्यांनी फक्त
बोट जरासं वाकवलं.

लाइन गेली, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

रात्री घरात पोरगा आणि साळा
भाकर हातात घेऊन भांडत होते,
सरकारनं काय केलं, काय करायला पाहिजे होतं,
आवाज आढ्याला लागत होते.
मी वहीत लिहिलं:
सकाळ, उधार.
संध्याकाळ, उधार.

बायको चुलीपाशी. गिरजाबाईच्या शेजारीच
ती पोती शिवायला बसायची.
चौथं नाव तिचंच होतं.
तिनं माझ्या ताटात वांग्याची भाजी वाढली,
पळी झटकली,
आणि भांडणाच्या मधल्या एका फटीत
हळूच म्हणाली,
"सलूनात तं होती लाइन."