उपाशी पैलवान

कॅटलॉगात त्याचं काही भारदस्त नाव असेलही.
चरईतल्या छापखान्यात मात्र सगळे त्याला
उपाशी पैलवान म्हणायचे.
मांड्या दणकट, पोट खपाटीला,
खांदे वरच्या रेघेला टेकलेले,
आणि प्रत्येक कान्याच्या पायाशी
दोन्ही अंगांनी जराशी बाहेर आलेली खडाव.

आठ लाइनी टाइप. सागवानी,
रॉकेलने पुसून पुसून काळा पडलेला.
हिराजी नाखवा, जुळारी, म्हणजे माझे बाबा,
गिऱ्हाइकाला सांगायचे:
रुंदी विकत घ्यावी लागते, शेट,
उंची फुकट. कागद उभा धरा.

मग बाळकुमच्या कुस्त्यांना
त्रिंबकशेठ पुरुषोत्तमशेठ भोईर यांजकडून चांदीची गदा
एका ओळीत, अंग चोरून, पण
रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला वाचता येईल अशी.
जत्रा, सर्कस, साड्यांचा सेल, सगळ्याला चालायचा.
फक्त मयताला नाही.
मेलेला माणूस ओरडत नाही, म्हणायचे,
त्याला साधा बारीक टाइप लावा.

वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा
मी नऊ वर्षांची.
रात्री साडेदहाला पाच जण आले.
विडीच्या पाकिटावर पेन्सिलीने मजकूर:
टाळेबंदी उठवा
उद्या सकाळी फाटकावर

पैलवानाच्या खणात ळ एकच.
सकाळीच्या जागी पहाटे करू, बाबा म्हणाले.
पहाटे कोण येतोय, त्यांच्यातला एक म्हणाला,
आणि एवढ्या टेन्शनमध्येही सगळे हसले.

मग बाबांनी रिकाम्या खणाची पुढची फळी उचकटली.
मी बॅटरी धरली.
ळ उलटा कोरायचा असतो,
आरशात बघून भांग पाडावा तसा.
त्याला खडाव कोरावी लागली नाही,
ळला मुळात पायच नसतो,
रेघेला लोंबकळतो.
माझा हात हलला की बाबा थांबायचे, बोलायचे नाहीत.
दीड वाजता झाला. एक डोळा मोठा आला होता.
कुठे लावू, त्यांनी विचारलं.
सकाळीत, मी म्हणाले. का, ते आठवत नाही.

दोनशे प्रती, लाल शाईत.
कारखाना उघडला नाही.
छपाईचे एकतीस रुपये
अजून वहीत येणे आहेत.

छापखाना मोडला तेव्हा
शोभेच्या वस्तू विकणारा एक माणूस टेम्पो घेऊन आला.
पैलवान मोजून घेतला, नगावर.
बाबांचा ळ त्याने बाजूला काढला:
हा सेटमधला नाही.

परवा घोडबंदर रोडला
मुलाने नव्या हॉटेलात जेवायला नेलं.
दारावर पाटी, हातभर उंच:
अस्सल थाळी.
तोच जाडेपणा, तीच चिंचोळी छाती,
कान्याला खडावासुद्धा.
ळचे दोन्ही डोळे मात्र अगदी सारखे.
जेवण येईपर्यंत मी मेनूकार्डाच्या पाठीवरून बोट फिरवत होते.
आई, काय शोधतेयस?
काही नाही रे. दाब.
त्याला वाटलं, ब्लडप्रेशर.

घरी तो ळ गॅसच्या बिलांवर ठेवलेला असतो.
नातू त्याला चष्मा म्हणतो.
काल मी तांदळाची भाकरी थापत होते,
त्याने चष्मा आणला
आणि माझं लक्ष नसताना पिठात दाबला.
उचलला तर सुलटा ळ.
मोठा डोळा, लहान डोळा.
ओरडणार होते, लाकूड धुतलेलं नाही, शाई असेल,
पण शाई कसली, चाळीस वर्षांची.

तव्यावर टाकली.
उलटली.
भाकरी टम्म फुगली, आणि तिच्याबरोबर
तो ळही, दोन्ही अंगांनी,
कागदावर कधी मिळाली नाही एवढी जागा घेत.

नातू म्हणाला, ही माझी.
थांब, म्हटलं, गरम आहे.