दाबाशी

भोसरीत आम्ही व्हॉल्व्ह बनवतो.
म्हणजे ते बनवतात, मी कागद बनवतो.
परदेशातून आलेल्या इंग्रजी सूचनांचं मराठी करून
भिंतीवर डकवायचं काम माझ्याकडे आलं,
कारण इंटरव्ह्यूत बोलून गेलो होतो
की एम. ए. मराठीतून केलंय.

सूचना क्रमांक चौदा.
बॉडी शॅल विथस्टँड चोवीस बार, दहा मिनिटं.
मी लिहिलं : बॉडी दाब सहन करेल.

मालन कुदळे, टेस्ट बेंच नंबर दोन,
हातमोजे काढता काढता वाचून म्हणाली,
सहन माणूस करतं. आणि सहन केलं
की आतनं झिरपतंच की हो कुठंतरी.
झिरपलं तर पीस रिजेक्ट.

खोडलं. सोसेल.
‘हे जात्यावरचं झालं.’
टिकेल? ‘लोणचं टिकतं.’
तग धरेल?
‘तग आजारी माणूस धरतो. हा तर नवाकोरा आहे.’
खपवून घेईल हे मीच खोडलं
तिनं वाचायच्या आत.

दापोडीच्या पुलावर बस तुंबली होती.
विथ म्हणजे सोबत, पाचवीतच घोकलेलं.
स्टँड तर बाकावर उभं राहूनच शिकलो.
मग दाबासोबत उभं राहायचं?
कशाला, फोटोला?

रविवारी लायब्ररीतला जाडा कोश काढला.
तो म्हणाला, फार पूर्वी विथ म्हणजे विरुद्ध होतं.
पुढे त्याचं सोबत झालं.
असल्या दोन-चार क्रियापदांत तेवढं
जुनं वैर मुरून राहिलंय.

हसलो. समोरच्या पेपरवाल्या आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं.
पण आपल्याकडे तरी काय वेगळंय?
तिच्याशी बोललो, तिच्याशी भांडलो,
तिच्याशीच लग्न केलं.
प्रत्यय एकच.
आणि गाठ बांधतानाही तुझ्याशी,
दम देतानाही : गाठ माझ्याशी आहे.

मग महिनाअखेर आली.
ट्रक गेटवर, इंजिन चालू.
उदावंत साहेब बेंचपाशी येऊन म्हणाले,
चार मिनिटं झाली ना, काटा हललाय का?
काढ पीस.

मालन बोलली नाही.
वळलीही नाही.
पाठ साहेबांकडे, डोळे काट्यावर,
पाय थोडे फाकून, जसं नळावर
दुसरी कुणी हंडा पुढे सरकवू नये म्हणून उभं राहतात.
साहेब पेनल्टीबद्दल बोलले.
मग ट्रकच्या भाड्याबद्दल.
मग आवाज उतरवून तिच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल,
जे मार्चला संपतं.
‘सहा,’ ती म्हणाली. काट्याला.

मी रजिस्टर घेऊन शेजारी उभा होतो.
त्यात मागच्या पानांवर दहा मिनिटं असं लिहून
चौथ्या मिनिटाला केलेल्या माझ्या सह्या.
चांगल्या पेनानं केलेल्या,
पाणी पडलं तरी न पसरणाऱ्या.

आठ.
कंप्रेसर बंद पडला आणि शेडमधे
एकदम स्वतःचे कान ऐकू आले.
नऊ.

कुठे काही झिरपलं नाही.
काटा जिथे होता तिथेच.
म्हणजे चार मिनिटांनी काढला असता तरी चाललं असतं,
हे साहेब म्हणालेच, जाता जाता, दोनदा.
मालननं रजिस्टर माझ्या हातातून घेतलं,
दहा लिहिलं, आकड्यात नाही, अक्षरात,
आणि पुढचा पीस चढवला.

सूचना चौदा अजून भिंतीवर गेलेली नाही.
माझ्या टेबलावर आहे. पेन्सिलीत एवढंच :
बॉडी दाबाशी
पुढे मोकळी जागा,
क्रियापद मावेल एवढी.

आज फेब्रुवारीची तेरा.