डावा कान

टेचिमानच्या बाजारात, कोनफळांच्या ढिगासमोर माझं सलून.
दाराशी प्लायवुडची पाटी, बादूनं रंगवलेली:
सहा डोकी, सहा तऱ्हेचे केस,
आणि सहाही डावे कान खालून फाटके.
बादूला कान जमत नाहीत, असं मी धरून चाललो.

परवा भाच्यानं मोबाइलला सांगितलं.
लापशी निवायच्या आत चाळीस चेहरे हजर,
गुळगुळीत, आणि कान असे
की जन्मात कुणी पिरगाळले नसावेत.
फ्लेक्स लावला. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

दुपारी कोनफळवाली अफ्रिये रस्ता ओलांडून आली,
सुरी हातातच.
"ह्यांना कुठे ठेवलंस?"

एकोणीस वर्षांपूर्वी लॉरीखाली गेला तो, बादूचा भाऊ.
फोटो एकही नाही.
त्या कानापाशी वस्तरा जपून वळवणारा मीच,
आणि रोज पाटी पुसूनही मला दिसलं नाही.

पाटी पुन्हा टांगली. रंग उडालाय थोडा.
"हात कापतो रे आता," बादू म्हणाला.
म्हटलं, माझा तर जन्मभर कापतोच आहे.
बस. तो कान कुठे सरळ होता.