हेतुपत्र, सातवा खर्डा

शब्दमर्यादा पाचशे.
‘संख्याशास्त्राकडे का वळावेसे वाटले?’
पहिल्या खर्ड्यात लिहिले होते, लहानपणापासून आकड्यांची ओढ.
धडधडीत खोटे. खोडले.

खरे असे, की डावा कान गेला.
सगळा नाही, वरचे दीड सप्तक.
लूथरन चर्चच्या तळघरात शेवटच्या पट्ट्या जुळवत होते
तेव्हा ऑर्गनवाली गुड्रुन हळूच म्हणाली,
सिग्ने, तो अजून चढाच आहे गं.
एकवीस वर्षांत असे कुणी म्हटले नव्हते.
मी हत्यारे पुसली. पैसे घेतले नाहीत.
बंदरावरचा पूल वर गेलेला, खालून लोखंडाच्या मातीचे जहाज चाललेले,
त्याचा भोंगा मात्र दोन्ही कानांनी ऐकला.

डुलुथमध्ये मी पियानो जुळवते. जुळवायचे.
काळ कोणता लिहावा, अजून ठरत नाही.

अनुभव, असे विचारले आहे.
माझ्याकडे वह्या आहेत.
दर पियानोमागे एक ओळ: तारीख, खोलीचे तापमान, हवेतली ओल,
आणि मधला ए किती सरकला.
जानेवारीत हीटर लागतात, लाकूड सुकते, सूर उतरतो.
जुलैत सरोवराचे धुके दिवाणखान्यापर्यंत येते, चढतो.
तीन हजार एकशे चौदा ओळी.
एका वर्षाची वही नाही;
त्या जूनमध्ये ओढा तळघरात आला होता.

संध्याकाळच्या वर्गात माझ्या शेजारी एकोणीस वर्षांचा डेव्हन.
पहिल्या दिवशी मला बघून त्याने टोपी काढली,
त्याला वाटले, मीच शिकवणार.
शिकवते मिस शियाँग, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान.
तिने वह्या चाळल्या. विचारले,
या ओळी मधेच का थांबतात?
म्हटले, कुणी घर विकले. कुणी पियानो फुकटात दिला.
मिसेस हाउगेन वारल्या, बहुतेक.
ती म्हणाली, आपण बघायचे थांबलो
म्हणजे गोष्ट संपली असे नव्हे.
त्या न दिसलेल्या भागाचेही गणित असते.
त्या रात्री अर्ज उघडला.

शिफारसपत्रे तीन.
एक मिस शियाँग. एक गुड्रुन, काय लिहिले ते दाखवत नाही.
तिसऱ्यासाठी कॅल्क्युलसच्या जुन्या प्रोफेसरांना फोन केला.
मुलीने त्यांच्या हातात दिला. नाव आठवेना.
‘किती दिले होते मी तुला?’
‘सी.’
बराच वेळ नुसता श्वास.
‘मग बरोबरच दिले असणार. पुन्हा बस.’
ते पत्र येणार नाही, पण
अजूनपर्यंत मिळालेली सर्वांत सरळ शिफारस तीच.

उद्देश, असे विचारले आहे. तर ऐका.
षड्जावर पंचम, त्यावर पंचम, असे बारा शुद्ध पंचम रचत गेलात
तर सात सप्तकांनंतर मूळ स्वरावर यायला हवे.
येत नाही. केसभर पुढे जाता.
हा हातचा कुठेच खपत नाही.
तो कुठे ठेवायचा, एवढाच आमचा धंदा.
जुने लोक सगळा एकाच पंचमात कोंबत,
तो लांडग्यासारखा ओरडे.
आम्ही बाराही घरांत थोडा थोडा वाटतो,
कुणालाच टोचू नये इतका.
माझ्या हातचा एकही पंचम शुद्ध नव्हता
आणि लोक त्यावर लग्नात नाचले.

चूक नाहीशी करता येत नाही, हे मला हातांनी ठाऊक आहे.
ती कशी वाटावी, ते आता कागदावर शिकायचे आहे.
उजव्या कानाची खात्री किती वर्षांची, तेही
जमल्यास, दोन टोकांसह.

मोजले. पाचशे बारा.
मुदत मध्यरात्रीची. खिडकीबाहेर बर्फाची गाडी घरघरते.
कानाबद्दलची वाक्ये काढली तर
नेमके बारा शब्द वाचतात,
आणि समितीला एक निरोगी बाई मिळते.

पेन्सिल घेते.
इथून एक ‘खूप’. तिथून एक ‘नेहमी’. खालून एक ‘कदाचित’.
कान राहू दे.