छंद : वाचन

अमळनेरला कोर्टासमोर, लोटनभाऊंच्या झेरॉक्सच्या टपरीत
वर्षभर मी दुसऱ्यांचे बायोडेटा टाइप केले.
पानाला तीस रुपये, फोटो चिकटवून पस्तीस.
शेवटची ओळ विचारायचे नाही, बोटांना पाठच होती :
छंद : वाचन, प्रवास.
कळमसऱ्याच्या पोराला तीच, मारवडच्या पोरीला तीच.
प्रवासवाल्यांतले निम्मे पारोळ्यापुढे गेले नव्हते.

मग एका दुपारी फोन मलाच आला.
जळगाव एमआयडीसी, डाळ मिलची लॅब,
सोमवारी अकरा, ओरिजिनल घेऊन या.

आठ दिवस आईनं मुलाखत घेतली.
ती चौथी पास, म्हणून प्रश्न मी देवनागरीत लिहून दिले.
बिबड्यांचा घाटा ढवळता ढवळता ती एकेक अक्षर जोडायची :
"टेल मी... अबाऊट... युवरसेल्फ."
मी पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून
'मायसेल्फ वैजयंती सपकाळे'पासून
'आय ॲम अ हार्ड वर्कर'पर्यंत एका दमात.
रविवारी तिचा हात घाट्यातच थांबला.
"हाई तं दुसरीच पोर शे," ती म्हणाली,
"मनी आंडेर कोठे शे?"
मला राग आला. घाटा करपला.

हर्षालीची सँडल एक नंबर मोठी निघाली,
पुढे कापूस कोंबला.
कुर्त्याला चुण्या पडतील म्हणून पॅसेंजरमध्ये बसले नाही;
धरणगाव गेलं, पाळधी गेली, मी दाराशी उभी,
ओठ हलताहेत हे समोरच्या दूधवाल्यानं पाहिलं
आणि जप चालला असेल असं समजून मान वळवली.

बाहेरच्या बाकावर सात जण, सात फायली.
दोन फायलींतली अक्षरं ओळखीची :
तोच फाँट, तीच समासाची चूक.
माझीच.

आत तिघे होते. मी खुर्चीत टेकते न टेकते तोच लाइट गेली.
मे महिना, पत्र्याचं छत.
भंगाळे सरांनी माझा बायोडेटा उचलला.
वाटलं, वाचताहेत.
ते त्यानं वारा घेऊ लागले.
माझं नाव, माझे टक्के, माझा पिनकोड
त्यांच्या ओल्या गळ्यापाशी खालीवर, खालीवर.

"मधलं एक वर्ष कुठं गेलं?"
उत्तर तयार होतं : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास.
जिभेपर्यंत आलंही.
"टपरीवर," मी म्हटलं. "लोकांचे बायोडेटा टाइप करत होते.
त्यांतले दोघं बाहेर बसलेत."
वारा थांबला.
"मग कसे आहेत ते?"
आता काहीही म्हणता आलं असतं.
"निळ्या शर्टवाल्याचा हात स्थिर आहे, वजन-मापाला चांगला.
फक्त बोलायला घाबरतो. आधी पाणी द्या त्याला."
कोपऱ्यातल्या बाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या,
की घाम पुसत होत्या, नक्की सांगता येत नाही.

मग डाळीतल्या ओलाव्याबद्दल तीन प्रश्न.
दोन आले. तिसऱ्याला "माहीत नाही" म्हटलं.
तो आवाज इतका साधा होता
की आईनं भिंतीपलीकडूनही ओळखला असता.

"कळवू," म्हणाले. चुरगळलेला कागद
सरांनी तळहातानं दोनदा सपाट केला, मग फायलीत ठेवला.

अजून कळवलेलं नाही.

आज सकाळी अमळगावचा एक पोरगा आला.
नाव, जन्मतारीख, शिक्षण, सगळं भराभर.
शेवटच्या ओळीवर बोटं आपोआप गेली.
मी ती उचलली.
"छंद काय लिहू?"
"लिहा ना ताई, वाचन."
"काय वाचतोस?"
तो टपरीच्या पत्र्याकडे बघत राहिला.
मागे दोन वकील, एक म्हातारा, रांग वाढत चाललेली,
लोटनभाऊ खाकरले.
मी हात मांडीवर ठेवले
आणि थांबले.